वाढीचा हुकूम शोधणाऱ्या कमल रणदिवे

नागपूरच्या गांधीबागेत डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे आणि तिथून जवळच, सेंट्रल अव्हेन्यूवर, मेयो. कापडबाजाराच्या गर्दीतून वाट काढत बाया या दवाखान्यांत येतात. कुणी बाळंतपणासाठी, कुणी अंगावरून जाते म्हणून, कुणी नातवाला दाखवायला. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला एक अनुभव हमखास येतो. दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेली बाई निघता निघता, पदर सावरत, छातीत एक गाठ असल्याचे सांगते. केव्हापासून आहे असे विचारले तर सहा महिने, कधी वर्ष. दुखत नव्हती म्हणून सांगितले नाही, हे उत्तर ठरलेले.

बाहेर रस्त्यावर पानठेल्यांची रांग असते. तिथे दिवसभर खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना, वर थोडे पाणी. तो तोंडात धरून माणसे दुकाने चालवतात, रिक्षा ओढतात, हिशेब लिहितात.

न दुखणारी गाठ आणि खर्ऱ्यातली सुपारी हे दोन्ही विषय गेल्या शतकात मुंबईतल्या एका मराठी बाईंच्या प्रयोगशाळेत टेबलावर होते. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. शरीरातली शहाण्यासारखी वागणारी पेशी अचानक वाढत का सुटते, तिला वाढण्याचा हुकूम कोण देतो, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. त्याचे बरेचसे उत्तर आज मिळाले आहे. ते समजले, तर गाठ दुखायची वाट का पाहू नये हेही समजते.

सीताफळाच्या कुळापासून सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ जीवशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसन कॉलेजात शिकवत. आईचे नाव शांताबाई. आपली सगळी मुले नीट शिकली पाहिजेत, याबद्दल वडील ठाम होते. कमल हुजूरपागेत शिकल्या आणि अभ्यासात हुशार निघाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही ऐकले नाही. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि पदवी विशेष प्राविण्यासह मिळवली.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे. कर्करोगाशी याचा काही संबंध दिसत नाही. पण गुणसूत्रांचा अभ्यास म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना पाहणे, एका पेशीच्या दोन होताना कुठली गोष्ट कुठे जाते ते मोजणे. सीताफळाची पेशी असो वा माणसाची, विभागण्याची रीत मुळात एकच. ती पाहण्याची सवय त्यांच्या डोळ्याला इथे लागली.

मे १९३९ मध्ये त्यांचे लग्न गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी झाले आणि संसार मुंबईला आला. डॉक्टर नवरा करायचा नाही, हे त्यांनी खरे केले. मात्र डॉक्टरांच्या राज्यात मात्र त्या गेल्याच.

परळचे रुग्णालय आणि खानोलकर

फेब्रुवारी १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या विकृतिशास्त्राचे आद्य नाव. रुग्णालयात आलेल्या गाठी कापून, काचेवर घेऊन, रंगवून त्यांचे निदान करणे हे रोजचे काम. खानोलकरांना तेवढ्यावर थांबायचे नव्हते. कर्करोग होतो कसा, हे शोधायचे तर डॉक्टरांबरोबर जीवशास्त्रज्ञही हवेत, हे त्यांना दिसत होते. कमल रणदिवे त्यांच्या विभागात आल्या आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या.

त्या काळी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांवर चाले. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचे मिलन घडवून उंदरांचे शुद्ध वंश तयार केलेले असत. काही वंशांत माद्यांना हमखास स्तनाचा कर्करोग होई, काहींत जवळपास कधीच नाही. रणदिवे यांनी अशा कमी-अधिक बळी पडणाऱ्या वंशांच्या निरोगी स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. गाठ होण्याआधीच ग्रंथीच्या रचनेत काही वेगळे दिसते का, हा त्यांचा शोध होता. आजाराआधीचे शरीर पाहायचे, हा दृष्टिकोन त्या वेळी वेगळा होता.

या उंदरांनी आधीच एक कोडे घातले होते. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी कर्करोगी वंशाची पिल्ले जन्मताच आईपासून काढून निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली. त्या पिल्लांना मोठेपणी कर्करोग फार कमी झाला. म्हणजे रोग केवळ रक्तात नव्हता, दुधातूनही येत होता. दुधातला तो घटक पुढे विषाणू निघाला. त्याआधी १९३२ मध्ये पॅरिसमध्ये अँतवान लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचून त्यांच्यात स्तनाचा कर्करोग घडवून दाखवला होता. तेव्हा संशयित तीन झाले: वंश, संप्रेरके आणि विषाणू. प्रत्येकाच्या बाजूने पुरावा होता आणि एकट्या कुणालाच गुन्हा सिद्ध होत नव्हता.

काचेतल्या पेशी

पीएच.डी.नंतर रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत, पेशी जिवंत ठेवून वाढवण्याच्या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या, आजही जगभर वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढल्या.

रणदिवे हे तंत्र शिकून परत आल्या. परदेशात शिकलेल्यांनी मायदेशी येऊन काम करावे, असे त्या पुढे इतरांनाही सांगत राहिल्या. परळला १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले होते. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांमध्ये तिचे नाव घेतले जाते. पेशी वाढवणे हे तान्ह्या बाळासारखे काम असते. ठरावीक उष्णता, ठरावीक वेळी खाद्य, आणि एकही जंतू आत जाता कामा नये. एक चूक झाली की महिन्याचे काम नासते. या शिस्तीत त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या.

पेशी काचेत वाढवायला लागले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. नुसते साखर, मीठ आणि प्रथिनांचे पाणी दिले तर सामान्य पेशी जगते, पण वाढत नाही. त्यात थोडा रक्तद्रव मिसळला की विभागू लागते. म्हणजे रक्तद्रवात अन्नापलीकडचे काहीतरी आहे. अन्न असणे वेगळे आणि वाढण्याचा निरोप असणे वेगळे. हे निरोप म्हणजेच वृद्धिघटक. त्यांची ओळख जगात नुकती कुठे होऊ लागली होती. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ले कोहेन यांनी १९५०च्या दशकात मज्जातंतूंना वाढवणारा घटक शोधला आणि कोहेन यांनी पुढे त्वचेच्या पेशींना वाढवणारा. त्या दोघांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले.

रणदिवे आपल्या उंदरांकडे नव्या तयारीने वळल्या. स्तनाच्या कर्करोगात वंश, संप्रेरके आणि विषाणू हे तिघे एकमेकांच्या साहाय्याने काम करतात, त्यांना वेगळे काढून उत्तर मिळणार नाही, ही मांडणी त्यांच्या कामातून पुढे आली. संप्रेरके आणि विषाणू यांच्या नात्यावर कर्करोगाची शक्यता ठरते, हे ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९६४ मध्ये त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. त्यात सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये होते.

दुधातला विषाणू नेमके काय करतो

रणदिवे यांच्या मांडणीचा आतला यंत्रणेचा भाग १९८०च्या दशकात उलगडला. तेव्हा त्या सत्तरीकडे झुकल्या होत्या.

उंदराचे पिल्लू आईच्या दुधातून विषाणू घेते. तो शरीरात लपून राहतो. पिल्लू मोठे होते, गाभण राहते, आणि संप्रेरके वाढतात. या विषाणूच्या जनुकांपाशी एक कळ असते आणि ती दाबली जाते संप्रेरकांनीच. संप्रेरके वाढली की विषाणूची संख्या वाढते. प्रत्येक गाभणपणात हे पुन्हा घडते. वाढता वाढता विषाणू स्तनाच्या पेशींच्या गुणसूत्रांत जागोजागी घुसून बसतो. बहुतेक ठिकाणी त्याने काही बिघडत नाही. पण एखाद्या पेशीत तो वाढीच्या जनुकाशेजारी बसला, तर त्याची कळ त्या जनुकालाही चालू करते. संप्रेरक आणि विषाणू यांचे नाते ते हेच.

ही शेजारची जनुके कोणती? १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरोल्ड वार्मस यांनी पहिले शोधले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये गॉर्डन पीटर्स आणि क्लाइव्ह डिक्सन यांच्या गटाने दुसरे शोधले. हे दुसरे जनुक एक वृद्धिघटक बनवते, एफजीएफ नावाच्या कुटुंबातला. गर्भात अवयव घडताना ते चालू असते. मोठ्या उंदराच्या निरोगी स्तनात ते गप्प असते. विषाणू या झोपलेल्या जनुकाला उठवतो आणि पेशी वाढीचा निरोप तयार करू लागते. कुणी मागितलेला नसताना.

निरोप पाठवून काम होत नाही, तो घेणारा लागतो. तो म्हणजे रिसेप्टर. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले हे एक प्रथिन असते. त्याचे एक टोक बाहेर, एक आत. दारावरची घंटा जशी बाहेर दाबली की आत वाजते, तसेच. वृद्धिघटक बाहेरच्या टोकाला येऊन चिकटला की शेजारचे दोन रिसेप्टर एकमेकांजवळ येतात आणि जोडी करतात. जोडी जमली की आतली टोके जागी होतात आणि एकमेकांवर फॉस्फेटचे छोटे बिल्ले लावतात. त्या बिल्ल्यांना आतली दुसरी प्रथिने येऊन चिकटतात, ती पुढच्यांना जागे करतात, आणि हातोहात निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. तिथे जनुके चालू होतात आणि पेशी विभागते. काम झाले की निरोगी पेशी बिल्ले काढून टाकते आणि रिसेप्टर आत ओढून घेते. घंटा थांबते.

कर्करोगात ती थांबत नाही. कधी निरोप सतत येतो, जसा या उंदरांत. कधी दारावर एकाऐवजी शेकडो घंटा बसवलेल्या असतात. कधी घंटेचा बिघाड होऊन ती कुणी न दाबताच वाजत राहते.

स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगात उंदरासारखा विषाणू असेल का, हा प्रश्न त्या काळी फार गाजला. मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधातही तसे कण दिसल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण माणसात असा विषाणू स्तनाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. त्यामुळे आईने बाळाला अंगावर पाजण्यात यामुळे कसलीही शंका बाळगू नये. उलट अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच असतो. उंदराकडून माणसाला मिळाली ती वाढीच्या निरोपाची समज. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हर-२ नावाचा रिसेप्टर जरुरीपेक्षा खूप जास्त असतो. १९८७ मध्ये हे महत्त्व डेनिस स्लेमन यांनी दाखवले आणि १९९८ मध्ये त्या रिसेप्टरला धरून ठेवणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आले. आज गाठीचा तुकडा तपासताना हा रिसेप्टर पाहिला जातो तो यासाठीच.

गाठ रक्तवाहिन्यांना बोलावते

वाढीचा हुकूम मिळालेली गाठ लवकरच अडते. पेशीला प्राणवायू रक्तवाहिनीतून झिरपत मिळतो आणि तो फार लांब पोचत नाही. म्हणून रक्तवाहिन्यांशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. गाठ नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते आणि ते थांबवले तर गाठ थांबेल, हे अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. बरीच वर्षे त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. १९८४ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीतून रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारा पहिला घटक शुद्ध करून दाखवला. तो निघाला एफजीएफ कुटुंबातलाच. रणदिवे यांच्या उंदरांत विषाणूने जागे केलेला निरोप आणि रक्तवाहिन्यांना बोलावणारा निरोप हे एकाच घरातले भाऊ होते.

या कामातला मुख्य निरोप्या १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी वेगळा केला. त्याचे नाव व्हीईजीएफ. प्राणवायू कमी पडलेली पेशी तो सोडते. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर त्याचे रिसेप्टर असतात. घंटा वाजली की अस्तरातली एक पेशी सैल होते आणि निरोप जिकडून येतो तिकडे सरकू लागते. मागच्या पेशी विभागत तिच्या पाठोपाठ जातात. रांगेची पोकळ नळी होते, दुसऱ्या नळीला मिळते आणि रक्त वाहू लागते. अस्तरावर याच घटकाचा आणखी एक रिसेप्टर असतो. तो निरोप धरून ठेवतो, पण पुढे फारसा पाठवत नाही. त्यामुळे वाहिन्या माजत नाहीत.

हीच यंत्रणा गर्भात, जखम भरताना आणि गरोदरपणी स्तन दुधासाठी तयार होताना चालते. प्राणवायू पोचला की निरोप बंद होतो. गाठीत पेशी इतक्या वेगाने वाढतात की प्राणवायू कायम कमीच पडतो आणि बोलावणे चालूच राहते. घाईत बनलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांच्यातून गाठीला अन्न येते आणि त्यांच्यातूनच गाठीच्या पेशी बाहेर पडून हाडे, फुप्फुसे, यकृत गाठतात.

व्हीईजीएफला पकडणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००८ मध्ये दिलेली त्याची मंजुरी २०११ मध्ये काढून घेतली गेली. आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि दुष्परिणाम होते. एक घंटा बंद केली तर गाठ दुसरी वाजवते. म्हणून रक्तवाहिन्या फुटण्याआधी किंवा फुटल्यावर लगेच गाठ सापडणे, याला अजून पर्याय नाही.

खर्रा आणि हॅमस्टर

प्रयोगशाळेतला प्रश्न लोकांच्या जगण्यातून यावा, असे रणदिवे यांच्या कामावरून दिसते. भारतात तोंडाचा कर्करोग फार. दोष तंबाखूला दिला जाई आणि सुपारी निर्दोष मानली जाई. पूजेला चालणारी, पाहुण्याला द्यायची, बाळंतिणीच्या विड्यातली सुपारी विष कशी असेल? १९७६ मध्ये रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखूच्या अर्कांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हॅमस्टर हा छोटा प्राणी गालात पिशवीसारख्या जागेत दाणे साठवतो. त्या पिशवीत अर्क लावून पाहिले. सुपारीच्या अर्कानेही गाठी झाल्या. म्हणजे तंबाखू काढली तरी सुपारी मोकळी सुटत नव्हती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अहवालाने सुपारीला माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले.

तोंडाच्या बहुतेक कर्करोगांत त्वचेच्या वृद्धिघटकाचा, म्हणजे ईजीएफचा, रिसेप्टर वाढलेला आढळतो. सुपारीने गालाच्या आत तंतू साठून तोंड उघडेनासे होते, त्यातही वृद्धिघटकांचाच हात असतो. तंबाखू सोडून नुसती सुपारी किंवा मसाला खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

परळच्या बाहेर

कर्करोगाइतकेच रणदिवे यांचे नाव कुष्ठरोगाशी जोडलेले आहे. १९५८ मध्ये डॉ. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींतून एक जंतू वेगळा करून पेशींच्या संवर्धनात वाढवला. तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हता, त्याच्या नात्यातला होता. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. पुढे त्यापासून डॉ. माधव देव यांनी कुष्ठरोगावरची लस तयार केली. दत्तपूर आणि आनंदवन उभे राहिले त्या विदर्भाला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

संशोधनात बाया मागे का राहतात, हे त्यांनी स्वतःच्या वाटेवर पाहिले होते. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. या संघटनेच्या शाखांमध्ये नागपूरही आहे. वाशीच्या तिच्या केंद्रात वसतिगृह आणि पाळणाघर आहे. नोकरी करणाऱ्या बाईची अडचण प्रयोगशाळेत नसते, घरी मूल कोण सांभाळणार इथे असते, हे त्यामागचे साधे गणित. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी हाती घेतली. विदर्भातले अकोला वेगळे, हे सह्याद्रीच्या कुशीतले अकोले. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना त्या आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगत. आयुष्यभर पेशीला काय खायला लागते ते मोजणाऱ्या बाई सत्तरी ओलांडल्यावर मुलांच्या ताटात काय पडते ते मोजत होत्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०० हून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

गाठ दुखत नाही तेव्हाच

हाताला लागणारी गाठ साधारण एक-दोन सेंटिमीटरची असते. एक-दोन मिलिमीटरची अडचण तिने केव्हाच ओलांडलेली असते, रक्तवाहिन्या तिच्याकडे आलेल्या असतात. तरीही या टप्प्यावर, गाठ स्तनापुरती असताना, बहुसंख्य स्त्रिया उपचारांनी बऱ्या होतात. ती काखेत आणि पुढे हाडांत पोचल्यावर तेच उपचार कठीण आणि अपुरे होतात. मधल्या काळात गाठ बहुधा दुखत नाही. दुखणे हे सुरुवातीचे लक्षण नाहीच.

स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितकेच खरे. पण ते हाताने चाचपून घरी ठरत नाही. नवी गाठ, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तासारखा स्राव, काखेत गाठ, यांतले काहीही दिसले तर आठ-पंधरा दिवसांत जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तोंडात पांढरा-लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे असेल तर तेही. डॉक्टरला सांगायची ती गोष्ट दारातून निघताना नको, खुर्चीवर बसताच सांगावी.